झोटेरोचा आठ महिन्यांचा वापर: मराठी संदर्भांसकट

सांगली-साताऱ्याकडच्या महाविद्यालयात शिकवता शिकवता शोधनिबंध लिहायचा, तर सलग वेळ मिळत नाही. दोन तासिकांमधली चाळीस मिनिटं मिळतात, आणि परीक्षांच्या दिवसांत तीही जातात. असं तुकड्यातुकड्यांनी लिहिणाऱ्याला झोटेरो (Zotero) या संदर्भांच्या नोंदी ठेवणाऱ्या संगणकीय प्रोग्रामचा फार आधार आहे, कारण कुठलं वाक्य कुठल्या पानावरून घेतलं हे ते लक्षात ठेवतं. इंग्रजी लेखांच्या बाबतीत त्यावर बऱ्यापैकी विसंबता येतं. मराठी संदर्भांच्या बाबतीत मात्र प्रत्येक नोंद हाताने तपासावी लागते, आणि तीही नोंद करतानाच. हा अनुभव मुख्यतः त्याविषयी आहे.

झोटेरो फुकट आहे, मुक्त स्रोत आहे आणि २००६ पासून चालू आहे. संगणकावर मुख्य प्रोग्राम आणि ब्राउझरमध्ये कनेक्टर (वेबपानावरून नोंद उचलणारी जोडणी) एवढंच बसवायचं. वर्डमधला झोटेरोचा टॅब आपोआप येतो. नाही आला तर वर्ड पूर्ण बंद करून झोटेरोच्या सेटिंग्जमधल्या ‘साइट’ (Cite) विभागातून तो पुन्हा बसवावा.

लेखाचा डीओआय (लेखाची ओळख पटवणारा कायमचा क्रमांक) असेल तर जादूच्या कांडीचं बटण दाबून तो टाकला की नोंद तयार होते. फक्त शीर्षक एकदा बघावं. एपीए या संदर्भ देण्याच्या पद्धतीत लेखाच्या इंग्रजी शीर्षकाचा आणि उपशीर्षकाचा पहिला शब्द आणि विशेषनामं एवढीच मोठ्या अक्षराने सुरू होतात, आणि झोटेरो ते स्वतःहून बदलत नाही. शीर्षकावर उजवी क्लिक करून ‘सेन्टेन्स केस’ निवडायचं, मग विशेषनामं आणि उपशीर्षकाचा पहिला शब्द हाताने तपासायचा.

खरी मेहनत मराठी नोंदींना लागते. मराठी पुस्तकाच्या आयएसबीएनवर (पुस्तकाच्या ओळख क्रमांकावर) कधी काहीच हाती लागत नाही, तर कधी शीर्षक रोमन लिपीत येतं. अशा वेळी नोंद सरळ हाताने भरणं जास्त लवकर होतं. लेखकाच्या नावाला आडनाव आणि नाव असे दोन रकाने असतात. ‘महाराष्ट्र शासन’ या दोन रकान्यांत विभागून भरलं, की यादीत ते ‘शासन, महाराष्ट्र’ होऊन बसतं. शेजारच्या छोट्या बटणाने रकाना एकच करावा, म्हणजे लिहिलं तसंच छापलं जातं. शासकीय अहवाल, बाजार समिती, साखर कारखाना, विद्यापीठ या सगळ्यांसाठी एकच रकाना.

व्यक्तींच्या देवनागरी नावांची आद्याक्षरं आणि स्वल्पविराम मात्र यंत्रावर सोडू नयेत. पहिल्या तीन-चार नोंदींची यादी काढून बघावी. ती बिघडत असेल तर तिथेही एकच रकाना करून आडनाव, स्वल्पविराम, आद्याक्षरं असं लिहावं. यात एक अडचण राहते: मजकुरातल्या कंसातही मग पूर्ण नाव येतं. त्यावर उपाय असा, की आडनाव वाक्यात स्वतः लिहायचं, संदर्भाच्या बुडबुड्यावर क्लिक करून लेखकाचं नाव वगळायचं आणि कंसात वर्ष व पान एवढंच ठेवायचं. पान क्रमांक तिथल्याच रकान्यात भरावा. उद्धृत वाक्याचं पान सहा महिन्यांनी शोधायला बसणं हा वेळेचा सगळ्यात मोठा अपव्यय आहे.

तारखेच्या रकान्यात वर्ष इंग्रजी अंकांतच टाकावं. देवनागरी अंकांतलं वर्ष झोटेरोला तारीख म्हणून ओळखता येत नाही आणि वर्षानुसार लावलेला क्रम बिघडतो. जुन्या पुस्तकावर फक्त शक असेल तर चैत्र ते डिसेंबरसाठी अठ्ठ्याहत्तर, आणि जानेवारी ते फाल्गुनसाठी एकोणऐंशी मिळवून इसवी सन काढावा, आणि मूळ शक ‘एक्स्ट्रा’ या रकान्यात न टाकता टिपणात ठेवावा.

सांगली-सातारा भागावर काम करणाऱ्यांनी टॅगकडे (नोंदीला जोडायच्या खूणशब्दांकडे) विशेष लक्ष द्यावं. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यामुळे १९५१ च्या जनगणनेत सांगली जिल्हा शोधून सापडत नाही. त्याआधीचं तासगाव, वाळवा, खानापूर हे सातारा जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरमध्ये आहे, तर सांगली, मिरज, जत ही संस्थानं होती. प्रत्येक नोंदीला जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं टॅग म्हणून दिली, की एका शोधात सगळं समोर येतं.

पीडीएफची एक गोष्ट. जुन्या श्रीलिपीसारख्या फाँटमधल्या मराठी फाइलीतून मजकूर उचलला, तर निरर्थक अक्षरं येतात. स्कॅन केलेल्या पानांतून तर काहीच येत नाही. अशा फाइलीवर उजवी क्लिक करून तिच्यासाठी मूळ नोंद (पॅरेंट आयटम) हाताने तयार करावी.

नोंदींच्या सिंकला (झोटेरोच्या सर्व्हरवर प्रत ठेवण्याला) मर्यादा नाही, पण जोडलेल्या फाइलींसाठी फुकट जागा ३०० एमबीच आहे. चाळीस एमबीची सात स्कॅन पुस्तकं ठेवली की ती संपत येते. म्हणून फाइलींचं सिंक बंद ठेवून नोंदींचंच चालू ठेवणं बहुतेकांना पुरतं. मात्र ‘झोटेरो’ हे मूळ फोल्डर गूगल ड्राइव्हच्या किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवू नये. त्यातली डेटाबेस फाइल उघडी असतानाच अपलोड व्हायला लागते आणि खराब होऊ शकते. दर शनिवारी झोटेरो बंद करून अख्खं फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करावं, आणि कृष्णाकाठी तळमजल्यावर राहणाऱ्यांनी पावसाळ्यात ती डिस्क वरच्या मजल्यावर ठेवावी. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्यांना याचं कारण सांगायला नको.

निबंध मोठा झाला की वर्ड प्रत्येक संदर्भाला रेंगाळतं. ‘डॉक्युमेंट प्रेफरन्सेस’मध्ये संदर्भ आपोआप अद्ययावत होणं बंद करावं आणि दिवसाच्या शेवटी एकदा ‘रिफ्रेश’ दाबावं. वर्डची फाइल गूगल डॉक्समध्ये थेट उघडू नये, संदर्भांचे दुवे तुटतात. ‘डॉक्युमेंट प्रेफरन्सेस’मध्येच वर्ड प्रोसेसर बदलण्याची सोय आहे, आधी ती वापरावी.

पाठवण्याआधी फाइलची प्रत काढून त्या प्रतीत ‘अनलिंक सायटेशन्स’ करावं, म्हणजे संदर्भ साधा मजकूर होतात. मग मराठी निबंधात ‘et al.’ ऐवजी ‘आणि इतर’ शोधून बदलता येतं आणि मराठी व इंग्रजी संदर्भ वेगळे लावता येतात. मूळ फाइल मात्र तशीच राहू द्यावी, परीक्षकांचे शेरे आले की दुरुस्त्या तिच्यातच करायच्या असतात.