एकोल नॉर्माल, पॅरिस (1795): वक्ते अव्वल, शिक्षक-प्रशिक्षण कच्चं

फ्रान्समधल्या खेड्यातला मास्तर चर्चमध्ये गायचा, घंटा वाजवायचा आणि उरल्या वेळात मुलांना अक्षरं गिरवायला लावायचा. शिक्षक ज्ञान पारखून नेमावा, पगार सरकारी तिजोरीतून द्यावा, असं गणिती आणि विचारवंत कोंदोर्सेने एप्रिल 1792 मध्ये विधिमंडळापुढे मांडलं. फ्रेंच क्रांतिसरकारने त्यावर काढलेला उपाय म्हणजे एकोल नॉर्माल, ही शिक्षक घडवणारी शाळा.

योजना कागदावर चोख होती. दर 20,000 लोकसंख्येमागे एक उमेदवार, वय किमान 21, वर्षाला 1200 फ्रँकच्या दराने भत्ता. चार महिने पॅरिसला शिकायचं, मग आपल्या जिल्ह्यात जाऊन प्राथमिक शिक्षक घडवायचे. जमले सुमारे 1400. शाळा भरायची त्या निसर्गविज्ञान संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात सगळ्यांना बसायलाही जागा नव्हती, आणि कागदी नोटांची किंमत घसरत असल्याने भत्त्यात पॅरिसचा हिवाळा काढणं अवघड होतं.

वक्त्यांबद्दल तक्रार नाही, सगळे नामवंत शास्त्रज्ञ. लाग्रांज आणि लाप्लास गणिताला, माँज वर्णनात्मक भूमितीला (घन आकार सपाट कागदावर रेखाटायचं शास्त्र), बेर्तोले रसायनाला! लिहून आणलेलं वाचायला बंदी. लघुलेखक बोलणं टिपून घेत आणि ते छापून वाटलं जाई. धड्यांच्या जोडीला चर्चेचे तास ठेवले होते, तिथे विद्यार्थी थेट प्राध्यापकाला प्रश्न विचारत. ही कल्पना उत्तम, पण 1400 जणांत बोलणार किती? नेहमीचे चारदोन धीट.

खरी गडबड भरतीत झाली. जिल्ह्यांनी पाठवलेल्यांची एकसारखी परीक्षाच नव्हती, त्यामुळे एका बाकावर गणिताचा जाणकार आणि जेमतेम हिशेब येणारा शेजारी शेजारी. धडा पहिल्याला संथ, दुसऱ्याच्या डोक्यावरून. त्याहून मोठी उणीव म्हणजे शाळेत मुलंच नव्हती. फळ्यापुढे उभं राहून पाठ घ्यायचा, कोणीतरी चूक दाखवायची, पुन्हा घ्यायचा, हा सरावच नाही. व्हिएन्नात शिक्षणसुधारक फेल्बिगरने 1774 नंतर नेमकं तेच केलं होतं: भरलेला वर्ग, संपूर्ण वर्गाला एकत्र शिकवायची ठरलेली रीत, आणि पद्धतीचं छापील पुस्तक. तिथे लाप्लास नव्हता, पण उमेदवार वर्ग सांभाळायला शिकत होता.

विज्ञानासाठी 5 पैकी 5, शिक्षक घडवण्यासाठी दीड. मे 1795 मध्ये शाळा बंद झाली. लाभ झाला तो आधीच तयार असलेल्यांना. त्या विद्यार्थ्यांत पुढे गणिती म्हणून गाजलेला जोसेफ फुरिये होता, पण तो ओसेर गावात अगोदरपासून गणित शिकवत होता.