घट्ट झालेली नेलपॉलिश आणि थिनरची एक बाटली: नऊ महिन्यांचा अनुभव

सोलापुरात अशोक चौकाच्या अलीकडं आमचं घर आहे. पुढच्या खोलीत मी पार्लर चालवते: थ्रेडिंग, मेंदी, नवरीचा मेकअप आणि नखं. नेलपॉलिशच्या एकूण बेचाळीस बाटल्या आहेत. गेल्या डिसेंबरात लग्नसराईच्या तयारीला सगळ्या काढून बसले, तर त्यातल्या सतरा घट्ट झालेल्या. रंग चांगले, बाटल्या निम्म्याहून जास्त भरलेल्या, पण ब्रश वर काढला की मागनं पाकासारखी तार यायची. नखावर थर पसरायचाच नाही, ब्रशच्या रेघा तशाच राहायच्या, आणि अर्ध्या तासानंही बोट टेकवलं तर ठसा उमटायचा.

जानेवारीत, गड्ड्याची यात्रा चालू होती तेव्हा, नव्या पेठेतल्या एका होलसेल दुकानातून मी नेलपॉलिश थिनरची ३० मिलीची बाटली आणली. दीडशे रुपये पडले. आता कोजागिरीही होऊन गेली. सतरापैकी चौदा बाटल्या पुन्हा वापरात आल्या, तीन टाकाव्या लागल्या. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ब्रँडपेक्षा मागच्या चिठ्ठीवरची दोन नावं बघणं महत्त्वाचं आहे: एथिल अ‍ॅसिटेट आणि ब्युटिल अ‍ॅसिटेट. ही दोन्ही सुरुवातीला हवीत. पहिलंच नाव अ‍ॅसिटोन असेल तर ती बाटली परत ठेवा.

हे मी इतक्या जोर देऊन सांगते, कारण दोन वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चूक झाली. आमच्याच गल्लीतल्या एका मुलीचं लग्न होतं. तिला साडीच्या काठाशी जुळणारा मरून रंग हवा होता. तो माझ्याकडं होता, पण घट्ट. घाईत मी त्यात अ‍ॅसिटोनवालं रिमूव्हर ओतलं. लगेच पातळ झालं, सुंदर लागलं, मलाही बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी हळदीला गेले तर ती हात पुढं करून म्हणाली, "अक्का, उडालं की ओ सगळं." पाच नखांचे पापुद्रे निघाले होते आणि उरलेल्या नखांची चकाकी गेली होती. ती मला रागावून काही बोलली नाही, पण लग्नाच्या फोटोंत हात दिसतातच. मी हळदीच्या मांडवात बसून तिची दहाही नखं पुन्हा केली. ती बाटली पुढच्या आठवड्यात पहिल्यापेक्षाही घट्ट झाली, मध्ये गुठळ्याही आल्या.

असं का होतं ते मला माझ्या भाचीनं समजावलं. ती इथंच बीएस्सीला आहे, केमिस्ट्री घेऊन. म्हणाली, "मावशी, पॉलिश खराब झालेलीच नाही. तिच्यातलं उडून गेलंय, तेवढंच परत घाल. तू दुसरंच काहीतरी घातलंस." नखावर जो चकचकीत पापुद्रा बसतो तो नायट्रोसेल्युलोजचा असतो. कापसाच्या किंवा लाकडाच्या तंतूंवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून ते तयार करतात. सासरे आयुष्यभर यंत्रमागावर होते. चादरी-टॉवेलच्या गावात राहून नेलपॉलिशच्या मुळाशीही कापूस निघावा याचं मला फार अप्रूप वाटलं. तर हे नायट्रोसेल्युलोज एथिल आणि ब्युटिल अ‍ॅसिटेटमध्ये विरघळवलेलं असतं. नखावर लावलं की ही दोन्ही द्रव्यं उडून जातात आणि पापुद्रा मागं राहतो. म्हणजे 'वाळणं' ते हेच. बाटलीचं झाकण उघडं राहिलं की हेच वाळणं बाटलीच्या आत सुरू होतं.

अ‍ॅसिटोनही नायट्रोसेल्युलोज विरघळवतं, म्हणून तर रिमूव्हरनं पॉलिश निघते. पण अ‍ॅसिटोन ५६ अंशांना उकळतं, एथिल अ‍ॅसिटेट ७७ ला आणि ब्युटिल अ‍ॅसिटेट १२६ ला. पॉलिश एकसारखी पसरायला आणि गुळगुळीत बसायला जो वेळ लागतो तो ब्युटिल अ‍ॅसिटेट देतं, कारण ते सावकाश उडतं. अ‍ॅसिटोन भसकन उडून जातं आणि थर तिथंच आखडतो. शिवाय बाजारातल्या रिमूव्हरमध्ये बहुतेक वेळा पाणी, तेल, सुवास असं काहीबाही असतं. पाण्याचं आणि पॉलिशचं जमत नाही, त्या गुठळ्या त्यातूनच.

आता प्रत्यक्ष काम. पहिली गोष्ट मला थिनर आणल्यावर तीन आठवड्यांनी कळली आणि ती आधी कळायला हवी होती. घट्ट वाटणारी प्रत्येक बाटली खरंच घट्ट नसते. रंग तळाशी बसू नये म्हणून पॉलिशमध्ये एक प्रकारची माती घालतात. बाटली बरेच दिवस हलली नाही की ती माती पॉलिशला थिजवून ठेवते, आणि हलली की सैल सोडते. म्हणून आधी बाटली दोन्ही तळव्यांत आडवी धरून, वाती वळतो तशी, दोन मिनिटं फिरवायची. गदागदा हलवायची नाही, त्यानं बुडबुडे होतात आणि ते नखावर फोडासारखे दिसतात. माझ्या सतरापैकी चार बाटल्या एवढ्यानंच सुटल्या. त्यांना थिनरचा एक थेंबही लागला नाही.

दुसरं म्हणजे बाटलीची मान. ही गोष्ट कोणी सांगत नाही आणि सगळा घोळ तिथंच असतो. ब्रश बाहेर काढताना आपण तो काठाला पुसतो, ती पॉलिश आट्यांवर वाळते, मग झाकण नीट बसत नाही आणि त्या फटीतून रात्रंदिवस वाफ जात राहते. थिनर कितीही घाला, मान साफ नसेल तर महिन्याभरात पुन्हा तेच. मी कापसाचा बोळा रिमूव्हरमध्ये भिजवून, चांगला पिळून, मानेभोवती गुंडाळते आणि मिनिटभर तसाच ठेवते. मग तो फिरवत काढला की थर सालीसारखा निघून येतो. रिमूव्हर इथंच वापरायचं, बाहेरून, आत एक थेंब पडू न देता. झाकणाच्या आतली बाजूही कापूस गुंडाळलेल्या काडीनं पुसते.

मग थिनर. लहान बाटलीला दोन थेंब, बस्स. थेंब पडला की तो वर वेगळा दिसतो, पारदर्शक, रंगात न मिसळलेला. त्या वेळी अजून दोन टाकावेसे वाटतात, तो मोह आवरायचा. झाकण लावून तळव्यांत फिरवायचं आणि दहा मिनिटं बाटली बाजूला ठेवायची. नंतर ब्रश वर काढून बघायचं. तार न धरता थेंब ब्रशच्या टोकाला जमला आणि दोन-तीन सेकंदांनी आपोआप सुटून पडला, की झालं. तार आली तर आणखी एक थेंब. माझी सगळ्यात हट्टी बाटली जांभळी होती, तिला दोन दिवसांत मिळून नऊ थेंब लागले. पण एका बैठकीत नऊ टाकले असते तर ती पाण्यासारखी झाली असती.

तशी एक झालीच. माझ्या थिनरच्या बाटलीला ड्रॉपर नाही, तोंड रुंद आहे, आणि ही माझी या वस्तूबद्दलची मुख्य तक्रार. फेब्रुवारीत पीच रंगात भसकन ओघळलं. रंग इतका पातळ झाला की तीन थर देऊनही नख आरपार दिसत होतं. भाचीनं सांगितलं, फेकू नकोस. झाकण काढून बाटली पंख्याखाली पाऊण तास ठेवली, मध्ये-मध्ये फिरवली, आणि जास्तीचं उडून गेलं. तेव्हापासून औषधाच्या दुकानातून काचेचा ड्रॉपर आणलाय. त्याचा रबरी फुगा वरच्या बाजूलाच ठेवायचा, आडवा केला की थिनर रबरात जातं आणि रबर मऊ पडतं. थिनर प्लॅस्टिकच्या पारदर्शक डिस्पोजेबल कपात तर मुळीच ओतू नका. मी ओतलं होतं, पाच मिनिटांत कपाचा तळ धुरकट आणि चिकट झाला. काचेची वाटी घ्यावी.

वासाबद्दल. पिकून उतरलेल्या फळासारखा गोडसर वास येतो, सुरुवातीला बराही वाटतो. पण बंद खोलीत एका बसणीत आठ-दहा बाटल्या केल्या तेव्हा माझं डोकं धरलं. आता दार-खिडकी उघडी ठेवून, एका वेळी तीनच करते. आणि ही वाफ झटकन पेट घेते. आमच्या पुढच्या खोलीत कोपऱ्यात देव्हारा आहे, संध्याकाळी सासूबाई दिवा लावतात. मी थिनर सकाळीच काढते, आणि स्वयंपाकघराकडं तर नेतच नाही. बाटली पातळ करायला गॅसजवळ धरणाऱ्या बायका मी पाहिल्यात. कृपा करून तसं करू नका. कोमट पाण्याच्या वाटीत ठेवली तर पॉलिश थोडा वेळ सैल होते हे खरं, पण उडून गेलेलं त्यानं परत येत नाही, गार झाली की पुन्हा तशीच.

खरी कसोटी उन्हाळ्यात लागली. सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे पारा चाळिशीच्या पार. आमचं छत पत्र्याचं, दुपारी खोली भट्टीसारखी तापते. त्यात गिऱ्हाईक बसलं की पंखा जोरात लावावाच लागतो आणि त्याच पंख्याखाली उघडी बाटली असते. मार्चमध्ये छान झालेल्या दहापैकी सहा बाटल्या मेअखेर परत घट्ट झाल्या. मला वाटलं थिनरच वाईट. मग लक्षात आलं, एका हाताची पाच नखं होईपर्यंत मी बाटली उघडीच ठेवत होते. आता ब्रश बुडवला की बाटली गिऱ्हाइकाच्या हाताच्या आडोशाला, वाऱ्यापासून लांब, आणि मध्ये बोलत थांबले तर झाकण बंद. बाटल्या आरशासमोरच्या मांडणीवरून काढून खालच्या लाकडी कपाटात, उभ्या, अंधारात ठेवल्या. जूननंतर फक्त दोनच पुन्हा घट्ट झाल्या. माझ्या एका मैत्रिणीनं फ्रिजमध्ये ठेवून पाहिल्या. वाफ कमी उडते, पण गार पॉलिश जड असते, लावण्याआधी बराच वेळ बाहेर ठेवावी लागते. पार्लरमध्ये तेवढा वेळ नसतो.

तीन बाटल्या वाचल्या नाहीत. एक तीच मरून, रिमूव्हर घातलेली. थिनरनं सैल झाली, पण गुठळ्या विरघळल्या नाहीत. दुसरीचा ब्रश केस फुटून फिसकटला होता. तिसरी आत पार गोळा होऊन बसली होती, थेंब तिच्या बाजूनं नुसते फिरत राहायचे. अशी बाटली मोरीत ओतू नका, झाकण लावून घंटागाडीत वेगळ्या पिशवीत द्या.

चमकीच्या पॉलिशला थिनरनं पातळ केलं की चमकी तळाशी लवकर बसते, त्यामुळं तिथं एकच थेंब पुरतो. आणि जेल पॉलिशमध्ये हे थिनर घालू नका. जेल हवेनं वाळत नाही, खास यूव्ही दिव्याखाली पक्कं होतं, त्याचा प्रकारच वेगळा. माझ्याकडं दोन जेलच्या बाटल्या आहेत, त्यांना मी हात लावला नाही.

थिनरनं सैल केलेली पॉलिश नव्यासारखी टिकते का, हा प्रश्न मला बऱ्याच जणी विचारतात. माझ्या हातावर मी एका हाताला नवी आणि दुसऱ्याला सैल केलेली, एकाच रंगाची, लावून पाहिली. धुणी-भांडी दोन्ही हातांनी सारखीच. नवी सहाव्या दिवशी टोकाला उडाली, दुसरी पाचव्या. चकाकीत मला फरक दिसला नाही. नवरीला मात्र मी अजूनही नवीच बाटली फोडून लावते. त्या मुलीचे हात डोळ्यांसमोरून जात नाहीत.

पैशाचा हिशोब सोपा आहे. वाचलेल्या चौदा बाटल्या आज नव्या घ्यायच्या तर शंभराला एक धरली तरी चौदाशे रुपये. आणि काही रंग आता बाजारात मिळतच नाहीत. त्यातला मोरपंखी तर मला या नवरात्रात फार उपयोगी पडला. रोजच्या रंगाची साडी आणि त्याच रंगाची नखं, असं आमच्या गल्लीत यंदा सुरू झालं. रूपाभवानीच्या देवळात जायच्या आधी सकाळी सहापासून बायका दारात. नऊ दिवस नऊ रंग, आणि त्यातले सहा रंग त्या घट्ट झालेल्या बाटल्यांतले होते. मोरपंखीच्या दिवशी शेजारच्या काकू नखं उन्हात धरून म्हणाल्या, "नवी आणलीस काय गं?" मी त्यांना बाटली दाखवली, तिच्यावरचं लेबल घासून पुसट झालेलं.

थिनर अजून अर्धं शिल्लक आहे, बोटभर. संक्रांतीपर्यंत पुरेल. पुढची बाटली घेताना ड्रॉपरवाली मिळाली तर वीस-तीस रुपये जास्त देईन.