हॅगले, डेलावेअर: बंदुकीच्या दारूचा जुना कारखाना

न्यू जर्सीत मुलांकडे आलेल्या आई-बाबांना फिलाडेल्फियाची घंटा (लिबर्टी बेल) दाखवून परत आणायची पद्धत आहे. तिथून थोडं आणखी दक्षिणेला गेलं की विल्मिंग्टनजवळ ब्रँडीवाइन नदीच्या काठी हॅगले संग्रहालय लागतं. ज्यांचा सुरुंग, खाण, विहीर यांपैकी कशाशीही संबंध आला असेल, त्यांनी ते चुकवू नये. मी बल्लारपूरच्या कोळसा खाणीत आधी शॉटफायरर (सुरुंग उडवणारा) आणि पुढे ओव्हरमन (पाळीवर देखरेख करणारा) होतो. त्यामुळे तिथे मी काय पाहिलं, हे माझ्या कामानेच ठरवलं.

एल्युथेर इरेने ड्यू पाँ फ्रान्समध्ये रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझियेच्या हाताखाली बंदुकीची दारू करायला शिकले आणि 1802 मध्ये त्यांनी इथे कारखाना काढला. तो 1921 पर्यंत चालला. नदीकाठी दगडी गिरण्यांची रांग अजून उभी आहे. प्रत्येक गिरणीच्या तीन भिंती भक्कम दगडाच्या, आणि नदीकडची बाजू व छप्पर मात्र हलकं. स्फोट कधीतरी होणार हे धरूनच बांधकाम केलेलं. झाला तर जोर नदीवर निघून जावा, शेजारची गिरणी पेटू नये. आमच्या मॅगझिनभोवती, म्हणजे स्फोटकांच्या कोठाराभोवती, मातीचे बांध असायचे, त्यांमागे हाच विचार. पण नवीन पोरांना तो तोंडी समजावताना मी थकून जायचो. इथे भिंतीकडे बोट दाखवलं की काम झालं.

आधी दारू मुसळांनी कुटत. 1820 च्या दशकात त्याऐवजी मोठी चाकं फिरवून, मिश्रण ओलसर ठेवून ती मळायला सुरुवात झाली. कुटण्यातला आघात गेला. चाकं सुरू करून माणूस बाहेर येई आणि लांब थांबे. पाण्यावर चालणारी गिरणी तिथे चालवून दाखवतात, ती नक्की बघा. दारूची ताकद मोजायचं छोटं यंत्रही प्रत्यक्ष उडवून दाखवतात. लहान मुलं बरोबर असतील तर आवाजाची आधी कल्पना द्या.

कामगारांच्या बुटांना लोखंडी खिळे नसत, लाकडी खुंट्या असत. आवारात काडेपेटी नेणं बंद. 1811 च्या नियमांत तर मद्य आणि चेष्टामस्करीलाही मनाई आहे. हे वाचून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. सुरुंगाच्या छिद्रात काडतूस सरकवायला लाकडी रॉडच, गॅसच्या खाणीत डिटोनेटर (काडतूस उडवणारी टोपी) तांब्याच्या नळीचाच, एक्सप्लोडरची (डिटोनेटरला वीज देणाऱ्या यंत्राची) चावी शॉटफायररच्याच खिशात, हे सगळं मी आयुष्यभर पाळलं आणि पाळायला लावलं. त्यावरून लोकांशी भांडलोही.

तरीही माणसं गेली. 1818 च्या एका स्फोटातच तीसहून जास्त. कुणी असा गेला की कामगार म्हणत, "तो ओढ्यापलीकडे गेला." अशांच्या विधवांना कंपनी पेन्शन द्यायची. हा भाग मी दोनदा वाचला. मालकाचा वाडा गिरण्यांना लागूनच, वरच्या अंगाला आहे. 1890 च्या स्फोटात त्याचंही इतकं नुकसान झालं की कुटुंबाला तो सोडावा लागला. खाणीत उतरणाऱ्याला साहेब वर ऑफिसात बसलेला बघायची सवय असते. म्हणून ही गोष्ट माझ्या लक्षात राहिली.

आपला धागाही आहे. दारूसाठी लागणारा शोरा (पोटॅशियम नायट्रेट) हिंदुस्थानातून यायचा. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1861 मध्ये, तोच विकत घ्यायला संस्थापकांचे नातू लॅमॉट ड्यू पाँ इंग्लंडला गेले होते. त्याआधी 1857 मध्ये त्यांनी शोऱ्याऐवजी दक्षिण अमेरिकेतला स्वस्त सोडियम नायट्रेट वापरून खाणीसाठी वेगळी दारू काढली होती. हेच लॅमॉट पुढे डायनामाइटकडे वळले आणि 1884 मध्ये न्यू जर्सीतल्या रेपॉनोच्या कारखान्यात नायट्रोग्लिसरीनच्या स्फोटात गेले. इतका जाणकार माणूस!

एक दिवस पूर्ण राखून ठेवा. आवार मोठं आहे, आतून बस फिरते, पण गिरण्यांची रांग चालतच बघायची. कामगारांच्या वस्तीची टेकडी चढाची आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी ती सकाळीच उरकावी. वाड्यातलं फर्निचर शेवटी, वेळ उरला तर.