बर्नॉल, पांढरं मलम, बॅक्टिग्रास की नुसतं नळाचं पाणी? फराळवालीचा रिव्ह्यू

डोंबिवलीत घरूनच फराळाच्या ऑर्डरी घेते. दिवाळीच्या तोंडावर मदतीला मावशी येतात, दोन शेगड्यांवर तळण चालू असतं, मग चटके बसणारच. करंजीची कड नीट दाबली नसली की ती तेलात उघडते आणि तेल तडतडून मनगटावर येतं, चकली सोडताना बोटं कढईच्या काठाला लागतात, कुकरच्या वाफेचं तर विचारूच नका. त्यामुळे मेडिकलमध्ये भाजल्यावरचं म्हणून जे जे मिळतं ते सगळं माझ्या ड्रॉवरमध्ये येऊन गेलंय आणि त्यातलं काय ठेवायचं काय नाही याबद्दल माझी मतं आता पक्की झालीत.

बर्नॉलपासूनच सुरू करू, कारण आपल्याकडे भाजलं म्हटलं की तेच तोंडात येतं, नेटवर कोणी जळफळला तरी लोक त्याला बर्नॉल लाव म्हणतात. हल्ली डॉ. मोरपेनचं येतं. आत अमिनाक्रिन आणि सेट्रिमाइड, दोन्ही जंतू मारणारी औषधं. म्हणजे हे अँटिसेप्टिक मलम झालं, भाजलेली जागा थंड करणं हे त्याचं काम नाही. स्वस्त आहे, कुठेही मिळतं, छोट्या कोरड्या चटक्यावर नंतर लावायला काही हरकत नाही. अडचण रंगाची आहे. अमिनाक्रिनमुळे ते पिवळंधमक असतं आणि लोक ते सगळ्यात आधी फासतात, मग खालची कातडी लाल आहे का पांढरी पडलीये का फोड येतोय काहीच कळत नाही, आणि किती भाजलंय हे तर रंगावरूनच ठरवायचं असतं ना! डॉक्टरकडे गेलं की ते आधी सगळं पुसून काढणार, आणि ते पुसताना काय वाटतं ते भाजलेल्यालाच विचारा. ५ पैकी ३, तेही आधी पाणी झालं असेल आणि जागा नीट बघितली असेल तर.

५ पैकी ५ मी फक्त नळाच्या पाण्याला देते. २० मिनिटं, वाहतं. दोन मिनिटांत बरं वाटलं म्हणून हात काढून घेतात सगळे, पण कातडीच्या आत उष्णता राहिलेली असते आणि ती आतलं भाजत राहते. लगेच जमलं नाही तरी ३ तासांच्या आत केलं तर उपयोग होतो, त्यामुळे आता काय उशीर झाला असं म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडची भानगड अशी की मे महिन्यात भर दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चहाला अर्धं आधण आल्यासारखं येतं, तेव्हा माठातलं नाहीतर पिंपातलं पाणी घ्या आणि तांब्याने हळूहळू ओतत रहा. पाणीकपात असेल तर पातेल्यात हात बुडवून ठेवायचा, पाणी कोमट झालं की बदलायचं, आणि ते सगळं पाणी नंतर फरशीला वापरायचं. बर्फ मात्र नको, त्याने तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि आधीच दुखावलेली कातडी अजून खराब होते. लहान मूल असेल तर फक्त भाजलेली जागा पाण्याखाली धरा आणि बाकीचं अंग टॉवेलने गुंडाळून ठेवा, पोरं पटकन गारठतात.

पाणी चालू असतानाच अंगठी, घड्याळ, बांगड्या काढायच्या, कारण हात सुजला की मग निघत नाहीत. आमच्या एक मावशी सणासुदीला चुड्याला हात लावू देत नाहीत. साबण लावून निघाल्या तर ठीक नाहीतर वाढवाव्याच लागतात, मी सरळ सांगते मावशी आत्ता वाढवा, नवीन डझनभर मी भरून देते. मग तयार होतात, पण डझनभर कुठल्या त्या त्यांनी आधीच ठरवलेल्या असतात.

आता बघायचं कसं. पाण्यातून काढल्यावर खिडकीशी उजेडात जा, ट्यूबलाइटखाली नको. नुसतं लाल, कोरडं, चुरचुरतंय, फोड नाही, म्हणजे वरवरचं, आठवड्याच्या आत जातं. फोड आला किंवा जागा ओलसर गुलाबी आणि भयंकर दुखरी आहे म्हणजे दुसरी पायरी, स्वच्छ बोटाने हलकं दाबलं की पांढरं होऊन लगेच रंग परत येत असेल तर साधारण दोन-तीन आठवड्यांत भरून येतं. दाबूनही रंग बदलत नाही, जागा पांढुरकी मेणासारखी किंवा तपकिरी चिवट दिसतीये आणि दुखत नाहीये, तर ते सगळ्यात वाईट. दुखत नाही म्हणजे थोडक्यात निभावलं असं समजून लोक घरी बसतात, खरं तर तिथल्या नसाच भाजलेल्या असतात. आणि फोटो बघून अंदाज बांधणाऱ्यांसाठी, ते फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे असतात, आपल्या सावळ्या हातावर लाली तेवढी उठून दिसत नाही, म्हणून दुसऱ्या हाताशी लावून बघा आणि सूज, गरमपणा चाचपा. दोन-तीन दिवस रोज बघायचं, पहिल्या दिवशी साधं वाटलेलं नंतर खोल निघू शकतं.

पांढरं मलम म्हणजे सिल्व्हर सल्फाडायझिन, मेडिकलवाला न विचारता हातात ठेवतो ते. मला घरी नकोच वाटतं. हेही जागेवर साका धरून खालचं दिसणं बंद करतं, साध्या फोडाच्या जखमा काही ड्रेसिंगपेक्षा याने उशिरा भरतात असं अभ्यासात आलंय, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर, गरोदरपणाच्या शेवटी किंवा तान्ह्या बाळाला चालत नाही. डॉक्टरने लिहून दिलं तर लावा, स्वतःहून नाही. ५ पैकी २.

माझी खरी आवडती वस्तू बॅक्टिग्रास. पॅराफिनमध्ये भिजवलेली जाळी, त्यात क्लोरहेक्सिडिन म्हणजे जंतू मारणारं औषध, एकेक पाकीट बंद येतं. फुटलेल्या फोडावर ठेवायची, वर गॉज, वर सैलसर बँडेज. जखमेला चिकटत नाही, त्यामुळे ड्रेसिंग बदलताना किंचाळ्या नाहीत, आणि जाळीतून खालचं बऱ्यापैकी दिसतं. क्लोरहेक्सिडिनची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी नको, मोठ्या जागेला तर नकोच. हात चिकट होतो, चादरीला तेलकट लागतं, आणि सगळीकडे मिळत नाही, आमच्या कोपऱ्यावरचा मेडिकलवाला दोन दिवस आधी सांगायला लावतो. साडेचार. दवाखान्यात जाईपर्यंत झाकायला मात्र स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म, म्हणजे अन्न झाकायचं पातळ पारदर्शक प्लास्टिक, बेस्ट, पहिला वेढा फेकून द्या आणि पुढची लांबट पट्टी नुसती वर ठेवा, करकचून गुंडाळू नका. चेहऱ्यावर नको.

फोड फोडू नका. सासूबाई सुईने फोडायच्या म्हणून तुम्हीही फोडायचा असं नाही, ती वरची कातडी फुकटचं ड्रेसिंग आहे.

कोरफड नुसत्या लाल चटक्याला, पाणी झाल्यावर, चालते. ताजी कापली तर सालीखालचा पिवळा चीक आधी निथळू द्या, तो झोंबतो. टूथपेस्टला शून्य, पुदिन्याने गार वाटतं तेवढंच. तूप, हळद, शाई, बटाट्याचा कीस, कणीक, सगळ्यांना शून्य, तूप मला कितीही आवडत असलं तरी. दुखण्यासाठी मोठ्या माणसाला साधी पॅरासिटामॉल पुरते.

आणि हे सगळं फक्त छोट्या भाजण्याचं. ज्याला भाजलंय त्याच्याच बोटांसकट तळहाताएवढी जागा म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का, त्याहून मोठं असेल तर घरी थांबू नका. चेहरा, डोळ्याजवळ, हाताचा पंजा, पाऊल, सांधा, जांघ, किंवा बोटाभोवती गोल भाजलंय, अ‍ॅसिड किंवा करंट लागलाय, धूर छातीत गेलाय, लहान मूल, म्हातारं माणूस, शुगरवाले, या सगळ्यांना दाखवायचंच. भुईनळा हातात फुटला तर तिथे ट्यूबा शोधत बसू नका. मोठं असेल तर १०८ ला फोन करा, आमच्या बाजूला ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय तेही विचारतील, घरात सगळ्यांचं लिहून ठेवलेलं बरं.

ड्रॉवर शेगडीखालचा नको, उष्णतेने मलमं पातळ होतात, मी आता बेडरूममध्ये ठेवते. आणि कागदी चिकटपट्टी घेताना एक इंची घ्या, अर्धा इंची मनगटावर टिकत नाही, पीठ मळलं की गेली.