फेब्रुवारीतला एकच शनिवार: मोठी बाग की गावच्या हॉलमधला स्नोड्रॉप मेळावा?

इंग्लंडात राहणाऱ्या आणि स्नोड्रॉपचं (हिवाळा सरता सरता कंदातून उगवणारं छोटं पांढरं फूल) वेड नुकतंच लागलेल्या ओळखीच्या मंडळींकडून जानेवारी संपता संपता एक प्रश्न हमखास येतो. सीझन जेमतेम पाच-सहा आठवड्यांचा. त्यात पाऊस, त्यात मुलांचे क्लास. मोकळा शनिवार मिळालाच तर एखादा. तो कोलसबोर्नसारख्या मोठ्या बागेला द्यायचा, की आसपासच्या एखाद्या गावच्या हॉलमध्ये हौशी संग्राहकांचा अर्ध्या दिवसाचा मेळावा भरतो, तिथे जायचं? दोन्ही गोष्टी नेमक्या त्याच दोन-तीन शनिवारांत येऊन पडतात, त्यामुळे ‘दोन्ही करा की’ म्हणून सुटका होत नाही.

मी दोन्हीकडे जातो-येतो. माझा शनिवार आता कुठे जातो हे ठरलेलं आहे, पण ते मागाहून. कारण बागेच्या बाजूनेही बोलण्यासारखं पुष्कळ आहे.

कोलसबोर्नच धरा. ग्लॉस्टरशायरमधली ही जागा हेन्री जॉन एल्वेस या हिंडफिऱ्या जमीनदाराची. १८७४ मध्ये तुर्कस्तानात, स्मिर्नाजवळच्या (आजचं इझमीर) डोंगरांत त्याला रुंद राखाडी पानांचा, मोठ्या फुलाचा स्नोड्रॉप दिसला. आज आपण ज्याला एल्वेसाय म्हणतो, तो हाच. त्याआधी हा गृहस्थ आपल्या सिक्कीमचे डोंगरही पालथे घालून आला होता. १९२२ मध्ये तो गेला, बाग मागे पडली, आणि पुढे घरच्याच लोकांनी स्नोड्रॉपचा संग्रह पुन्हा उभा केला. झाडांखाली ‘एस. आर्नट’ या प्रकाराचे ताटवेच्या ताटवे पसरलेले आणि खाली निळसर पाण्याचं तळं. पाण्यात तरंगणाऱ्या मातीच्या बारीक कणांमुळे तो रंग येतो. पहिल्यांदा पाहणारा माणूस पाच मिनिटं तरी गप्प होतो.

केंब्रिजजवळच्या अँगलसी अ‍ॅबीची गोष्ट आणखी मजेची. तिथले काही खास प्रकार व्हिक्टोरियन काळातल्या जुन्या उकिरड्यावर सापडले. झाडोरा साफ केला आणि खाली हे उगवलेले. तिथल्या हिवाळी वाटेच्या शेवटी पांढऱ्याफेक बुंध्यांच्या हिमालयन बर्चची राई आहे. म्हणजे आपलं भूर्जच, ज्याच्या सालीवर पोथ्या लिहायचे ते. इतक्या लांब येऊन ते भेटतं याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं. बर्कशायरमधलं वेलफर्ड पार्क तर नुसतं बघण्यासाठीच. बीच वृक्षांच्या जंगलात पांढरी चादर, बाकी काही नाही. ‘बेक ऑफ’ या केक-पावांच्या टीव्ही स्पर्धेचा तंबू तिथेच लागतो, त्यामुळे बरोबर आलेल्यांपैकी निम्म्यांना फुलांपेक्षा त्या हिरवळीत रस असतो.

तर नजरेच्या सुखाचा प्रश्न असेल तर बाग जिंकते. हॉलमध्ये काय, ट्यूबलाइट, घडीची टेबलं आणि भिंतीवर योगासनांच्या क्लासची जाहिरात.

मग अडतं कुठे? माझं अडलं ते फुलाच्या आत.

स्नोड्रॉप खाली मान घालून उभा असतो. बाहेरच्या तीन पाकळ्या पांढऱ्या, त्या बहुतेक सगळ्यांच्या सारख्याच. कोण कुठला हे ठरतं ते आतल्या तीन आखूड पाकळ्यांवरच्या खुणेवरून. कुठे उलटा व्ही, कुठे एक्स, कुठे वर-खाली दोन ठिपके, कुठे सगळी पाकळीच हिरवी. ती खूण बघायची तर फूल बोटाने उचलून तोंड वर करावं लागतं. आणि मोठ्या बागेत हे करता येत नाही. तुम्ही वाटेवर, फुलं दोरीपलीकडे, घोट्याच्या उंचीला. कासच्या पठाराला कुंपण होतं त्या काळात जे गेलेत, त्यांना ही तडफड सांगायला नको.

बागेवाल्यांचंही चुकत नाही. जमीन ओली, कोंब वर येत असलेले. लोकांना आत सोडलं तर पुढच्या वर्षी त्या जागी चिखल उरेल. शिवाय दुर्मीळ प्रकारांच्या चोऱ्या होतात, ही या देशात खरी अडचण आहे. काही बागा तर किमती प्रकारांच्या पाट्याच लावत नाहीत. सगळं मान्य. पण एका बागेत (नाव नको) मी ओल्या गवतात गुडघे टेकून, मोबाइल उलटा धरून दोरीखालून फुलाच्या पोटाचा फोटो काढायचा प्रयत्न करत होतो. तेवढ्यात तिथल्या स्वयंसेविका आजी आल्या आणि ‘सर, प्लीज, वाटेवरच’ म्हणाल्या. अगदी गोड आवाजात. फोटोत माझा अंगठा आणि आभाळ आलं. त्या वाफ्यात नावाच्या पाट्या होत्या, सगळ्या नीट वाचता येत होत्या, पण पाटीवरचं नाव आणि समोरचं फूल यांचा मेळ घालायला जे बघावं लागतं तेच दिसत नव्हतं. पांढऱ्या फुलांसमोर उभं राहून नावं वाचत पुढे जायचं, तर ते घरी बसून यादी वाचण्यासारखंच झालं.

काही प्रकारांना ही अडचण येत नाही, हेही सांगायला हवं. ‘ट्रंप्स’ किंवा ‘व्हिरिडापीस’ची हिरवी खूण बाहेरच्या पाकळीवर असते. ‘डिगरी’च्या पाकळ्या चुणीदार कापडासारख्या, त्या लांबूनही कळतात. ‘वेंडीज गोल्ड’चा पिवळा देठाजवळचा गोळा तर दहा फुटांवरून ओळखू येतो. तुमचं मन अशाच ठळक प्रकारांवर बसलं असेल, तर माझी ही तक्रार तुम्हाला कदाचित जाणवणारही नाही.

दुसरी गोष्ट तापमानाची. साधारण दहा अंशांच्या खाली फूल मिटलेलंच राहतं. इंग्लंडातल्या फेब्रुवारीत दहा अंश म्हणजे नशीब. तिकीट आधी काढलेलं, दीड तास गाडी चालवून पोचलेले, आणि सगळी बाग मिटून बसलेली, असं होऊ शकतं. देखावा तरीही छान असतो, पण मिटलेल्या फुलात खूणही नाही आणि वासही नाही.

आता हॉल.

बाहेर थंडीत कुडकुडत आणलेल्या कुंड्या आत टेबलावर मांडल्या की हीटरच्या उबेने फुलं हळूहळू उघडायला लागतात. चहा घेऊन परत येईपर्यंत बाहेरच्या पाकळ्या हेलिकॉप्टरच्या पात्यांसारख्या आडव्या झालेल्या असतात. ‘एस. आर्नट’ला मधाचा वास येतो असं सगळीकडे वाचायला मिळतं. मला तो पहिल्यांदा नीट आला तो अशाच एका टेबलाजवळ. आणि मुख्य म्हणजे कुंडी छातीच्या उंचीला. मालक शेजारी उभा. तुम्ही विचारायचं, ‘बघू का?’, तो म्हणणार, ‘अवश्य’, आणि स्वतःच तर्जनीने फूल वर करून दाखवणार. दोन कुंड्या शेजारी-शेजारी ठेवून फरक दाखवणार. इतकं साधं आहे ते.

फुलावर थांबतही नाहीत ही माणसं. एका आजोबांनी मला पानं कशी बघायची ते दाखवलं. जमिनीतून वर येताना निव्हालिस या नेहमीच्या साध्या जातीची दोन पानं एकमेकांना सपाट चिकटलेली असतात, एल्वेसायमध्ये एक पान दुसऱ्याला गुंडाळून घेतं, आणि प्लिकाटस या तिसऱ्या जातीच्या पानाच्या कडा मागे दुमडलेल्या असतात. हे सांगताना त्यांनी नखाने माती थोडी बाजूला करून पानांचा बुडखा उघडा केला. त्यानंतर फूल नसलेली कुंडीसुद्धा मला निम्मीअर्धी ओळखता यायला लागली. हे ज्ञान दोरीच्या अलीकडून मिळण्यातलं नाही.

हॉलचे तोटे? आहेत, आणि लहान नाहीत.

पहिला म्हणजे दार उघडल्यानंतरची दहा मिनिटं. एरवी रांगेत दीड फूट अंतर ठेवून उभे राहणारे सत्तरीचे सभ्य लोक विक्रीच्या टेबलाकडे जे सुटतात, ते बघून दादर स्टेशनवर वाढलेला माणूससुद्धा बाजूला होईल. हवी ती कुंडी त्या दहा मिनिटांत गेली तर गेली. दुसरा, भाव. साधे प्रकार पाच-सात पौंडांत मिळतात, पण जरा नवलाईचा प्रकार तीस-चाळीसच्या पुढे सरकतो, आणि हातात घेतलेली कुंडी खाली ठेवणं अवघड असतं. तिसरा, भाषण. पडद्यावर एकामागून एक पांढरी फुलं, वक्ता आनंदात, आणि जेवणानंतरचा हॉल उबदार. मी नावं घेत नाही, पण मागच्या रांगेत घोरणारे ऐकलेत. चौथा, नवख्याला सुरुवातीला थोडं परकं वाटतं. सगळे एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात, आणि तुमच्यासारखा दिसणारा त्या हॉलमध्ये बहुधा तुम्हीच. यावर माझा अनुभव असा, की एखाद्या कुंडीकडे बोट दाखवून ‘हा वेगळा कसा?’ एवढं विचारलं की बर्फ फुटतो आणि मग समोरचा थांबत नाही. ओळख नसताना कुणी मला कुत्सित बोललंय असं झालेलं नाही. तुमचा अनुभव निराळा असू शकेल.

मुलांचं मात्र स्पष्ट सांगतो: लहान मुलं घेऊन हॉलमध्ये जाऊ नका. पंधरा मिनिटांत कंटाळतील, आणि टेबलावरच्या कुंड्यांच्या किमती बघता तुम्हालाच घाम फुटेल. आमच्या घरी बायको आणि मुलं बागेच्या पक्षात आहेत. तिथे पळायला जागा असते, गरम चॉकलेट मिळतं.

तिसरा पर्याय काही जण काढतात. कुठेच जायचं नाही, ऑनलाइन मागवायचं. लिलावातल्या किमतींच्या बातम्या वाचून हे डोक्यात येतं. ‘गोल्डन टिअर्स’चा एक कंद २०२२ मध्ये १,८५० पौंडांना गेला, त्याआधी २०१५ मध्ये ‘गोल्डन फ्लीस’ १,३९० ला. आपण तिथे नसतो, आपण वीस पौंडांच्या गल्लीत असतो. त्या गल्लीत टपालाने येणारा माल म्हणजे ओल्या कागदात गुंडाळलेला, मान टाकलेला, आणि खरोखर तोच आहे का हे कळायला पुढचा फेब्रुवारी उजाडावा लागतो. खात्रीचे विक्रेतेही आहेत. पण मुळं तुटलेली असतील तर त्या सीझनला ती पुन्हा फुटत नाहीत, हे लक्षात ठेवा. हॉलमध्ये कुंडीत, मुळांसकट, फुलावर असलेलं रोप समोर बघून घेता येतं. युरोपातल्या नर्सऱ्यांकडून मागवायचा विचार असेल तर ब्रेक्झिटनंतर कागदपत्रांचा व्याप वाढलाय; स्नोड्रॉपची सगळी कुळी साइट्सच्या (CITES, म्हणजे धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, त्यामुळे सीमा ओलांडताना परवाने आले.

कुंडी विकत घेताना एक काळजी मात्र हॉलमध्येच जास्त घ्यावी लागते. हौशी लोक आपापसांत अदलाबदल करतात, आणि कंदांबरोबर रोगही घरं बदलतात. पानांच्या टोकाला तांबूस-करपट डाग किंवा कोंबावर राखाडी लव दिसली तर कितीही आवडता प्रकार असो, ठेवून द्या. बागेच्या दुकानातल्या कुंड्या या बाबतीत थोड्या सुरक्षित असाव्यात असं मला वाटतं, पण तिथे निवड चार-पाच ओळखीच्या नावांची.

मग ठरवायचं कसं? स्नोड्रॉप तुम्हाला हिवाळा संपत आल्याची खूण म्हणून आवडत असेल, हात खिशात घालून एक मोठी फेरी मारायची असेल, बरोबर घरची माणसं असतील, तर बाग. भारतातून आई-बाबा आलेले असतील तरीही बाग. अर्थात फेब्रुवारीत त्यांना इथे बोलावण्याचं धाडस तुम्ही करत असाल तर. पण दोन पांढऱ्या फुलांपुढे उभं राहून ‘यांच्यात फरक काय?’ हा प्रश्न तुम्हाला एकदा जरी छळून गेला असेल, तर मी अदबीने म्हणेन की हॉलच बघा. बाग पुढच्या वर्षीही तिथेच आहे, आणि ओळखायला शिकल्यावर तीच बाग जास्त दिसते. दोरीपलीकडचं फूल आत काय लपवून उभं आहे याचा तेव्हा निदान अंदाज तरी बांधता येतो.

जाणार असाल तर सुटे पैसे न्या; काही टेबलांवर कार्ड चालत नाही. हॉलमधल्या जेवणातलं सूप शाकाहारी आहे का हे आधी विचारा, बटाट्याच्या सूपलाही कोंबडीचं पाणी असू शकतं. पहिल्या दहा मिनिटांच्या झुंबडीत शिरू नका. तेव्हा जे पळवलं जातं ते तुम्हाला अजून नकोच असतं. त्याऐवजी प्रदर्शनाच्या टेबलाकडे जा, सगळे विक्रीकडे असल्याने तिथे कुणी नसतं. पहिली खरेदी ‘एस. आर्नट’ची करा. दणकट आहे, वास आहे, दोन-तीन वर्षांत त्याचा झुपका होतो. मग ‘मॅग्नेट’, त्याचं फूल लांब बारीक देठावर लोंबतं आणि जराशा वाऱ्याने डुलतं. पिवळ्या ‘लेडी एल्फिन्स्टन’च्या मोहात पहिल्याच वर्षी पडू नका. जागा बदलली की ती एखादं वर्ष रुसून हिरवी फुलते आणि तुम्हाला वाटतं विकणाऱ्याने फसवलं. आणि परतताना कुंडी गाडीच्या पायाशी, हीटरसमोर ठेवू नका. डिकीत ठेवा.