स्वतःचे नाव की टोपणनाव : कृष्णाकाठच्या एका सभासदाचा अनुभव

गावच्या कारभारावर फेसबुकवर लिहायचे आहे, पण नावानिशी लिहावे की टोपणनावाने, असे गेल्या वर्षभरात मला तिघाचौघांनी विचारले. मी सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात नदीकाठच्या गावात राहतो. ऊस आहे, थोडी हळद आहे, आणि सहकारी पाणीपुरवठा संस्थेचा मी जुना सभासद आहे. तीन वर्षे मी टोपणनावाने लिहिले आणि त्यानंतर आजतागायत स्वतःच्या पूर्ण नावाने लिहीत आहे. दोन्ही वाटा चालून पाहिल्या असल्यामुळे माझे मत मांडतो. ते सर्वांना लागू पडेलच असे मी म्हणणार नाही.

टोपणनावाची बाजू प्रथम मांडली पाहिजे, कारण ती लेचीपेची नाही. आपल्या भागात आडनाव वाचले की माणूस निम्मा वाचून झालेला असतो. जात, भावकी, कोणत्या गटाचा, कोणत्या कारखान्याला ऊस घालतो, हे सारे आडनाव आणि गाव यांवरून ताडले जाते आणि मग मुद्दा त्या रंगाच्या काचेतून पाहिला जातो. टोपणनावाने लिहिताना हे माझ्या वाट्याला आले नाही. ज्यांनी माझ्या ओट्यावर कधी पाऊल ठेवले नसते, ते लोक ठिबक, आकारणी आणि ग्रामसभेचे ठराव यांवर माझ्याशी तासन्‌तास वाद घालत होते, आणि तो वाद मुद्द्यावर होत होता. आज नावाने लिहितो तेव्हा पहिला प्रतिसाद पुष्कळदा माझ्या चुलत्याने कोणाचा प्रचार केला होता, येथूनच सुरू होतो. हे नुकसान मोठे आहे आणि ते भरून निघालेले नाही.

शिवाय या वाटेला आपल्याकडे प्रतिष्ठा आहे. गोपाळ हरि देशमुख सरकारी नोकरीत होते. १८४८ पासून त्यांनी ‘प्रभाकर’ साप्ताहिकात जी पत्रे लिहिली, ती ‘लोकहितवादी’ या सहीने. पुढे १८५२ मध्ये हेच गृहस्थ आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, वाईला मुन्सफ, म्हणजे न्यायाधीश, म्हणून आले. त्यांनी १०८ पत्रांना एकच सही ठेवली, म्हणून त्या सहीला स्वतःची पत निर्माण झाली. टोपणनाव घ्यायचे असेल तर ते असे टिकाऊ असावे. आज एक, उद्या दुसरे, आणि आपल्याच लेखनाला तिसऱ्या नावाने शाबासकी, हा प्रकार मी विचारातच घेत नाही. अजिबात नाव नसलेल्या तक्रारीविषयीही फार लिहिण्याजोगे नाही. केंद्रीय दक्षता आयोग निनावी तक्रारींवर कारवाई करत नाही, आणि गावपातळीवर अशा कागदाचे काय होते ते वाचकांना ठाऊक आहे.

आता ज्या एका गोष्टीमुळे मी टोपणनाव सोडले, ती सांगतो.

आमच्या संस्थेच्या वार्षिक अहवालात वीजबिलाचा आकडा मला फुगलेला वाटला. त्या हंगामात एक मोटार जळून काही दिवस बंद होती, आणि त्या दिवसांचे पंप-तास धरले आहेत का, असा प्रश्न मी टोपणनावाने विचारला. प्रश्न विचारताना मला आपण सुरक्षित आहोत एवढेच दिसत होते. पण मोटार नेमकी कधी बंद होती हे पंपाच्या नोंदवहीत असते, आणि ती वही पाहिलेली माणसे गावात मोजून चार. त्यांपैकी एक जण वर्षापूर्वी कामावरून कमी केलेला ऑपरेटर होता. लिहिणारा तोच, हे चावडीवर दोन दिवसांत ठरूनही गेले.

त्याचा तीस गुंठे खोडव्याचा ऊस होता, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेला. एप्रिल-मे महिन्यांत त्याची पाण्याची पाळी तीन वेळा चुकवण्यात आली. कधी व्हॉल्व्ह नादुरुस्त, कधी वरच्या बाजूला पाइप फुटलेला, कधी पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याचा निरोपच नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यात मी त्याच्या बांधावरून गेलो, तेव्हा सरीतल्या मातीला हाताची बोटे जातील एवढ्या भेगा होत्या आणि उसाची पाने गुंडाळून सुईसारखी झाली होती. तो पान्हा हातात घेऊन कोरड्या व्हॉल्व्हपाशी बसला होता. मला म्हणाला, “लिवलं असतं तरी बी चाललं असतं, तात्या. न लिवता सोसायचं लई जड जातंय बघा.” मी त्याच्याशेजारी बसलो, पाणी प्यालो आणि काही न बोलता घरी आलो. ती रात्र मला अजून बोचते.

निनावी लेखनाविषयी बोलताना आपण लिहिणाऱ्याला काय धोका आहे एवढेच मोजतो. लहान गावात नावाची जागा रिकामी राहत नाही. गाव तेथे कोणाचे तरी नाव घालते आणि ते बहुधा दुबळ्या माणसाचे असते. मुंबई-पुण्यात कदाचित असे घडत नसेल, कारण तेथे संशय घ्यायला माणसे पुष्कळ असतात. माझ्या गावात मात्र माझ्या टोपणनावाची किंमत दुसऱ्याच्या उसाने भरली.

दोन दिवसांनी मी तोच प्रश्न पूर्ण नावाने, गाव आणि सभासद क्रमांकासह लिहिला, आणि आधीचे लेखनही माझेच असल्याचे कबूल केले. त्याची पाळी पुढच्या खेपेला सुरू झाली. माझी पाळी दोनदा लांबली, आणि मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीत ‘तुमचे लिहिणे’ असा विषय निघाला. नावाने लिहिण्याची ही किंमत खरी आहे. कराडजवळच्या टेंभूत जन्मलेल्या आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला, आणि त्यांच्या हयातीत पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली गेली. टेंभू हे नाव आज आपण सिंचन योजनेमुळे रोज घेतो, तेव्हा हेही आठवावे. आज नावाने लिहिणाऱ्याला तेवढे सोसावे लागत नाही, पण थोडे लागतेच.

मात्र नाव दिल्यावर जे दार उघडले, ते टोपणनावाला कधीच उघडले नसते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ नुसार सभासदाला उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते आणि स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी विनामूल्य पाहता येतात. हा हक्क सभासदाचा आहे. टोपणनावाला सभासदत्व नसते. माहितीच्या अधिकाराच्या अर्जातही कारण सांगावे लागत नाही, पण संपर्कापुरते नाव-पत्ता द्यावेच लागतात. मी दप्तर पाहायला गेलो. चेअरमन नाराज होते, तरी सचिवांना त्यांनी चहा सांगायला लावला आणि वीजबिले समोर ठेवली. तेव्हा कळले की माझा निम्मा आरोप चुकीचा होता, कारण मोटार बंद असली तरी मंजूर भारावरचा स्थिर आकार भरावाच लागतो. उरलेला निम्मा बरोबर होता, आणि पुढच्या अहवालात ती बाब स्वतंत्र दाखवण्यात आली. टोपणनावाने लिहिताना माझी ही चूक वर्षभर तशीच राहिली होती. ती दुरुस्त करायची तर कोणाकडे जायचे, हे समोरच्यालाही ठाऊक नव्हते.

नाव खरे असले म्हणजे लेखन खरे होते, असे मात्र कोणी समजू नये. नावाने लिहिणारे पुष्कळ जण केवळ वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि ‘भावी आमदार’ लिहितात. टोपणनावाने लिहिताना माझी भाषा अधिक मोकळी होती, आणि काही गोष्टी तेव्हाच धीटपणे लिहून झाल्या. पण विशेषणेही तेव्हाच वाढली होती. आता आकडा टाकण्यापूर्वी मी तो दोनदा पाहतो.

गुप्ततेला माझा विरोध आहे असा अर्थ कोणी काढू नये. आपल्याकडे दारूबंदीसाठी ‘आडवी बाटली’चे मतदान होते, ते गुप्त असते आणि तसेच असले पाहिजे, उघड हात वर करायला लावले, तर ज्या बाईचा नवरा रात्री पिऊन येतो ती सभेला येणारच नाही. पण त्या मतपेटीत सर्वांचीच नावे झाकलेली असतात, म्हणून संशय एकट्या कोणावर बसत नाही. टोपणनाव फक्त लिहिणाऱ्याला झाकते. तेही शेजाऱ्यांपुरते, पोलिसांना फोन क्रमांकावरून माग काढता येतो, आणि निनावी धमकीला भारतीय न्याय संहितेत वाढीव शिक्षा आहे.

तेव्हा संस्था, ग्रामपंचायत, पाणी, रस्ता अशा विषयांवर, जेथे आपला हक्क आपल्या नावाशी बांधलेला आहे, तेथे मी नावाच्या बाजूने झुकतो. नोकरीवर गदा येण्याजोगी स्थिती असेल किंवा लिहिणारी स्त्री असेल, तर माझा आग्रह राहत नाही. मालतीबाई बेडेकरांनी १९३३ मध्ये स्त्रियांच्या मनातले लिहिले, ते ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने, आणि त्या वेळी उठलेले वादळ पाहता दुसरा मार्ग त्यांना होता असे मला वाटत नाही.

माझी भाची मिरजेला एका रुग्णालयात परिचारिका आहे. तिने टोपणनाव घेतले आहे आणि मी तिला अडवले नाही. एवढेच मागितले की काही टाकण्यापूर्वी, ही गोष्ट आपल्याशिवाय आणखी कोणाला ठाऊक असू शकते, त्यांची नावे कागदावर लिहून पाहावीत. परवा तिने रात्रपाळीच्या औषधसाठ्याविषयीची एक नोंद आणि सोबत अशी यादी मला दाखवली. यादीत दोनच नावे होती, आणि त्यांतली एक नुकतीच कामाला लागलेली मुलगी होती. ती नोंद तिने अजून टाकलेली नाही.