फोर्ट्रानमधून एफएफटीडब्ल्यू: जुनं दार की नवं?

माझ्याकडे फोर्ट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतला जो प्रोग्राम आहे तो मी लिहिलेला नाही, नुसता सांभाळतोय. आमच्या सरांनी तो ३२ बिटच्या कॉम्प्युटरवर लिहिला होता. डावीकडे सहा कॉलम सोडलेले, सगळी अक्षरं कॅपिटल, आणि कॉमन ब्लॉक (शेजारी-शेजारी ठेवलेल्या सामायिक व्हेरिएबलांचे गठ्ठे) इतके की लग्नाच्या पंगतीसारखं कोण कुणाशेजारी बसलंय ते शोधावं लागतं. काम मात्र नेटकं करतो. यंत्रमागाच्या चौकटीवर सेन्सर चिकटवायचा, सेकंदाला १०२४ नमुने घ्यायचे आणि कोणत्या वारंवारतेला किती हादरा आहे ते काढायचं. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग आहेत, तिथे आम्ही हे नेतो.

असा वारसा ज्यांच्या गळ्यात पडलाय आणि फूरिये रूपांतराचा भाग नव्याने बसवायचाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. एफएफटी, म्हणजे नमुन्यांतून वारंवारता झटपट काढायची ती रीत, तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. रस्ते तीन आहेत: एफएफटीपॅक हा जुना कोड, एफएफटीडब्ल्यू या सी भाषेतल्या लायब्ररीचा जुना फोर्ट्रान इंटरफेस (म्हणजे फोर्ट्रानमधून तिच्यात शिरायचं दार), आणि त्याच लायब्ररीचा फोर्ट्रान २००३ वाला नवा इंटरफेस. तिन्ही मी वापरलेत.

एफएफटीपॅक पॉल स्वार्त्सट्राउबर यांनी अमेरिकेतल्या एनसीएआर या वातावरण संशोधन केंद्रात लिहिलं. त्याची १९८५ ची आवृत्ती आजही नेटलिब या गणिती कोडच्या संग्रहावरून उतरवता येते. ते शुद्ध फोर्ट्रान ७७ असल्यामुळे लायब्ररी जोडायची भानगडच नाही. सोर्स फोल्डरमध्ये टाका, बाकीच्या फाइलींबरोबर कंपाइल करा, झालं. मूळ कोड सिंगल प्रिसिजनचा, म्हणजे चार बाइटच्या संख्यांचा आहे, पण रिअल आठ बाइटचे धर असं जीफोर्ट्रान कंपायलरला सांगितलं की भागतं. वेगाचं म्हणाल तर ८१९२ नमुन्यांचा तुकडा तो करून टाकतो तेव्हा माझं बोट एंटरवरून उठलेलंही नसतं. याहून मोठं मोजमाप मी केलेलं नाही आणि मागाच्या कामाला ते लागतही नाही.

खटकतं ते उत्तर ठेवायच्या पद्धतीत. आमचा माग मिनिटाला १५० पिक (आडव्या धाग्याच्या फेऱ्या) चालतो, म्हणजे २.५ हर्ट्झ. आठ सेकंदांच्या तुकड्यात पायरी ०.१२५ हर्ट्झची, म्हणून या वारंवारतेचं शिखर विसावं. एफएफटीडब्ल्यू ते सरळ एका कॉम्प्लेक्स संख्येत देतं, शून्य पहिल्या घरात धरून एकविसाव्या घरात. एफएफटीपॅक त्याच रिअल ॲरेच्या चाळिसाव्या घरात वास्तव भाग ठेवतं आणि एकेचाळिसाव्यात काल्पनिक. सवय होते म्हणा. पण सहा महिन्यांनी फाइल उघडली की पुन्हा बोटांवर मोजायला बसावं लागतं.

एफएफटीडब्ल्यू एमआयटीत मॅटेओ फ्रिगो आणि स्टीव्हन जॉन्सन यांनी केलं. सध्याची तिसरी मालिका २००३ पासूनची. फोर्ट्रानवाल्यांसाठी तिचं जुनं दार अगदी आपल्या वळणाचं आहे: फंक्शनांच्या सबरूटीन झाल्यात, नावाआधी डी लागतो, आणि प्लॅन (रूपांतर कसं करायचं याची लायब्ररीने बनवलेली आखणी) पहिल्या आर्ग्युमेंटमधून परत मिळतो. सरांनी हेच वापरलं होतं. मीही दोन वर्षं खुशीत वापरलं.

मग आम्ही कॉम्प्युटर बदलला, ६४ बिटचा आणला. प्रोग्राम मुकाट्याने कंपाइल झाला, चालला. शिखरं अचूक जागी, २.५ वर, ५ वर, ७.५ वर. उंची मात्र जवळजवळ शून्य. मी तो आलेख घेऊन मागापाशी गेलो. मी म्हटलं, हा माग तर अगदी शांत आहे. मागांची देखभाल करणाऱ्या जॉबरने चौकटीवर हात ठेवला, मग माझा हात धरून तिथे ठेवला. "शांत कसला साहेब, दात वाजतेत की ओ!"

तीन दिवस मी सेन्सर, केबल, ॲम्प्लिफायर यांच्यावर संशय घेत काढले. मग कंटाळून प्रत्येक व्हेरिएबल छापून बघितलं. प्रोग्राम फाइल संपेपर्यंत आठ तुकडे वाचतो, बेरीज करतो आणि शेवटी एनएव्हीजी नावाच्या संख्येने भागतो. ती आठ असायला हवी होती. छापली तर एकवीस हजार आठशे काहीतरी! परत चालवला तर एकवीस हजार नऊशे. दर वेळी बावीस हजारांच्या आसपास, दर वेळी वेगळी. भुताटकी म्हणावी तर भूतही हिशेबी.

कारण असं निघालं. जुन्या इंटरफेसमध्ये प्लॅन म्हणजे सी भाषेतला पॉइंटर (मेमरीतला पत्ता), आणि तो ठेवायला आठ बाइटचा इंटिजर लागतो. कागदपत्रांत तसं स्पष्ट लिहिलंय. सरांनी साधा इंटिजर लिहिला होता, चार बाइटचा. ३२ बिटवर पॉइंटरच चार बाइटचा, त्यामुळे कधी कळलंच नाही. नव्या कॉम्प्युटरवर पत्त्याचा खालचा अर्धा भाग प्लॅनमध्ये बसला आणि वरचा अर्धा कॉमन ब्लॉकमधल्या शेजाऱ्याच्या घरात शिरला. शेजारी एनएव्हीजी. लिनक्स दर वेळी मेमरीचा पत्ता थोडा हलवतं, म्हणून आकडा बदलत होता. आणि गंमत म्हणजे रूपांतर करताना लायब्ररी तेच आठ बाइट परत वाचायची, म्हणून शिखरांच्या जागा बरोबर! एनएव्हीजी मी मध्येच परत आठ केली असती तर प्रोग्राम तिथेच कोसळला असता आणि माझे तीन दिवस वाचले असते.

चूक सरांची आणि माझी, लायब्ररीची नव्हे. पण जुन्या दारावर पहारेकरीच नाही. कंपायलरला या सबरूटीनला काय लागतं हे माहीतच नसतं, मग तो काय तपासणार? सगळे इशारे चालू करूनही प्लॅनबद्दल तो अवाक्षर काढत नाही. लायब्ररीची नावं आणणारी इन्क्लूडची ओळ विसरलात आणि न सांगितलेली नावं नाकारणारं इम्प्लिसिट नन नसेल, तर प्लॅन झटपट बनव असं सांगणारा एस्टिमेटचा फ्लॅगसुद्धा गुपचूप रिअल व्हेरिएबल होतो, आत काय असेल ते असेल. उलट जिथे गरज नाही तिथे आता तो भांडतो: एकाच फाइलीत एकाच सबरूटीनला एकदा रिअल आणि एकदा कॉम्प्लेक्स ॲरे दिला तर जीफोर्ट्रान १० पासून थेट एरर येते. ती दाबायचा पर्याय आहे, पण मग राहिलेला एक डोळाही मिटतो.

नवं दार एफएफटीडब्ल्यू ३.३ पासून, म्हणजे २०११ पासून आहे. आयएसओ सी बाइंडिंग ही फोर्ट्रानला सीशी जोडायची सोय वापरून प्रत्येक फंक्शनची पूर्ण ओळख कंपायलरला दिलेली असते. प्लॅनचा प्रकार सी पॉइंटर. मी मुद्दाम साधा इंटिजर देऊन पाहिला. कंपायलरने ओळ नंबरासकट हाकलून दिलं. खरं सांगायचं तर माझा निर्णय तिथेच झाला.

तरी त्याचे काटे सांगायला हवेत. इन्क्लूड फाइल फ्री फॉर्ममधली (कॉलमचं बंधन नसलेली) आहे, सहा कॉलमवाल्या जुन्या फाइलीत ती घालता येत नाही. आणि दोन मितींचं रूपांतर असेल तर मापं उलटी द्यावी लागतात, कारण सी आणि फोर्ट्रान ॲरे वेगवेगळ्या क्रमाने रचतात. जुनं दार ही उलटापालट स्वतः करतं, नवं करत नाही. टॉवेलच्या विणीचा फोटो घेऊन उभ्या-आडव्या धाग्यांची दाटी काढायचा एक उद्योग मी करतो. ५१२ बाय ५१२ च्या फोटोवर सगळं छान चाललं. ६४० बाय ४८० चा दिला तर धाग्यांच्या ठिपक्यांऐवजी तिरक्या रेघांचा चिखल. प्लॅनला आधी ४८० आणि मग ६४० दिल्यावर ठिपके जागेवर आले. म्हणजे नव्या दारावरही फसता येतं, पण हा चिखल निदान डोळ्यांना दिसतो.

वेगवान रीत मोजून ठरवणारा मेझरचा फ्लॅग दोन्ही दारांना सारखाच: प्लॅन बनवताना ॲरेतला डेटा पुसला जातो, म्हणून आधी प्लॅन, मग फाइल वाचा. उलट रूपांतरानंतर नमुन्यांच्या संख्येने भागणंही तिन्ही रस्त्यांवर तुमच्याच डोक्यावर. परवान्याचं बघा. एफएफटीडब्ल्यू जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे. सोर्स न देता कारखानदाराला प्रोग्राम विकायचा असेल तर एमआयटीकडून वेगळा परवाना घ्यावा लागतो. तिथे एफएफटीपॅक बिनघोर.

तुमचा कोड छोटा असेल, एकाच मितीचा असेल आणि कुठल्याही कॉम्प्युटरवर नुसती फाइल टाकून चालावा असं वाटत असेल, तर एफएफटीपॅक घ्या, मी हसणार नाही. जुन्या इंटरफेसवर आधीच सुरळीत चाललेलं असेल तर एकदा प्लॅनचं डिक्लरेशन तेवढं तपासा, आणि एक्झिक्यूट करताना दोन्ही ॲरे हातात देणारी सबरूटीन वापरा. नुसता प्लॅन दिला तर ॲरे बदलतोय हे कंपायलरला कळत नाही आणि ऑप्टिमायझेशनमध्ये तो जुनेच आकडे धरून बसू शकतो. नव्याने बसवत असाल तर मात्र, माझ्यापुरतं विचाराल तर, नवं दार.

सरांच्या फाइलीला मी हात लावलेला नाही. शेजारी साठेक ओळींची एफ९० फाइल ठेवलीय. तीत तीन सबरूटीन: प्लॅन बनव, चालव, मोडून टाक. प्लॅन त्या मॉड्यूलच्या आतच राहतो, कॉमन ब्लॉकमध्ये पाऊल टाकत नाही. तोच डेटा पुन्हा चालवला तेव्हा २.५ चं शिखर ताठ उभं राहिलं, आणि त्याच्या अलीकडे १.२५ वर आणखी एक दिसलं, आधी सपाट रेघेत बुडालेलं. धोटा एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून फेकला जातो. निम्म्या वारंवारतेचं शिखर म्हणजे एक बाजू जास्त जोरात मारतेय. जॉबरला आलेख दाखवला. त्याने तो नीट बघितलाही नाही, पाना घेऊन सरळ उजव्या बाजूला गेला.